गुडघ्यातला घरभेदी

"डॉक्टर, वंगण संपलंय का हो?" एक्स-रेचा लिफाफा पुढे सरकवत बहुतेक पेशंट हेच विचारतात. 'गॅप कमी झालीय' हे कुणीतरी आधीच सांगितलेलं असतं. वय झालं, झीज झाली, एवढ्यावर हिशेब मिटलेला असतो. मला तो पटत नाही. सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेली कूर्चा नुसती झिजत नाही, ती मोडली जाते. मोडणारे हात बरेचदा तिच्याच पेशींचे असतात.

निरोगी कूर्चेत रक्तवाहिनी नाही, मज्जातंतूही नाही. पेशी जेमतेम काही टक्के. बाकी सगळं पाणी, कोलॅजनचं जाळं आणि त्या जाळ्यात पाणी धरून ठेवणारा अ‍ॅग्रिकन. मज्जातंतू नसल्यामुळे बिघाडाची सुरुवात दुखतच नाही. दुखू लागतं तोवर प्रकरण सांध्याच्या अस्तरापर्यंत आणि हाडापर्यंत गेलेलं असतं.

हा घरभेदीपणा दाखवून दिला तो केंब्रिजच्या जीवशास्त्रज्ञ ऑनर फेल यांनी, वयाची पंचाहत्तरी उलटल्यावर. १९७७ साली त्यांनी आणि सहकारी जब यांनी डुकराच्या सांध्यातली कूर्चा आणि अस्तर बशीत एकत्र वाढवलं. मेलेली कूर्चा अस्तराला चिकटून असेल तरच विरघळे. जिवंत कूर्चा मात्र अस्तरापासून दूर ठेवली तरी मोडू लागे. म्हणजे अस्तरातून काहीतरी निरोप जात होता आणि कूर्चापेशी तो ऐकून स्वतःचंच घर पाडत होत्या. या निरोप्याला 'कॅटाबोलिन' नाव मिळालं. पुढे १९८४ मध्ये उलगडा झाला की तो म्हणजे इंटरल्यूकिन-१, तापाच्या आणि संसर्गाच्या अभ्यासकांना आधीच ठाऊक असलेला रेणू. इतका सुंदर प्रयोग आमच्या क्षेत्रात क्वचितच झाला असेल.

इंटरल्यूकिन-१ किंवा त्याच्यासारखाच सुजेचा दुसरा निरोप्या टीएनएफ कूर्चापेशीवर येऊन बसला की ती बांधकाम थांबवते आणि कात्र्या, म्हणजे विकरं, बाहेर काढते. अ‍ॅडम्‌टीएस-४ आणि ५ अ‍ॅग्रिकन कापतात, एमएमपी-१३ कोलॅजन. गेलेला अ‍ॅग्रिकन पेशी पुन्हा बनवू शकतात. प्रौढ माणसाच्या कूर्चेतलं कोलॅजन मात्र जन्मभरात जवळपास बदलतच नाही. ते तुटलं की तुटलं. शिवाय या कापाकापीतले तुकडे सांध्यात तरंगत अस्तराला पुन्हा डिवचतात आणि फेरा सुरू राहतो.

मग इंटरल्यूकिन-१ अडवला की झालं? आम्हालाही तसंच वाटलं होतं. आमवातात टीएनएफ अडवणाऱ्या औषधांनी माणसं उभी राहिलेली आम्ही पाहिली होती. पण झिजेच्या संधिवातात २००९ मध्ये इंटरल्यूकिन-१ अडवणारं अ‍ॅनाकिन्रा थेट गुडघ्यात टोचूनही महिन्याभराने ते खोट्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरलं नाही. पुढे तेच काम करणाऱ्या लुटिकिझुमॅबनेही कूर्चा वाचवली नाही. गंमत म्हणजे हृदयविकाराच्या दहा हजारांवर रुग्णांवर याच गटातल्या कॅनाकिनुमॅबची चाचणी झाली, तिची आकडेवारी नंतर उलगडून पाहिली तेव्हा औषध घेणाऱ्यांत गुडघा-खुबा बदलण्याची वेळ कमी जणांवर आलेली दिसली. चाचणी त्यासाठी नव्हती, म्हणून मी त्यावर भिस्त ठेवत नाही. पण दार पूर्ण बंद झालंय असंही म्हणवत नाही.

माझ्या मते चूक एकाच निरोप्याला धरण्यात आहे. सांध्यावरचा अवाजवी ताण कूर्चापेशीला थेट चेतवतो. चरबीतूनही सुजेचे रेणू निघतात. लठ्ठ माणसांत हाताच्या बोटांचा संधिवातही जास्त दिसतो, आणि बोटांवर तर कुणी चालत नाही!

सूज आहे म्हणून दर तीन महिन्यांनी स्टेरॉइड टोचून घेणाऱ्यांना २०१७ ची अमेरिकन चाचणी मी आवर्जून सांगतो. दोन वर्षांनी वेदनेत मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनहून फरक नव्हता आणि कूर्चा मात्र जास्त पातळ झाली होती. क्वचित, फार सुजलेल्या गुडघ्यात मीही ते देतो. रतीब घालत नाही. उलट एक किलो वजन उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. तेव्हा पुढच्या वेळी डॉक्टरांकडे 'वंगणाचं इंजेक्शन' मागण्याआधी मांडीच्या स्नायूंचे व्यायाम मागा, आणि ते नीट करून दाखवायलाही सांगा.