झोंबू नये, इतकंच

औषध कंपनीत नव्या मलमाचं काम सुरू करण्याआधी एक कागद तयार होतो. औषध किती टक्के, लावल्यावर किती वेळात वाळावं, वास कसा असावा, ट्यूब ॲल्युमिनियमची की लॅमिनेटेड, असं सगळं त्यात असतं. असे कागद लिहिणं हा आता माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. पहिला कागद मात्र मला तोंडी मिळाला होता, कोल्हापूरकडच्या एका फार्मसी कॉलेजात काचसामान धुणाऱ्या मावशींकडून.

एम.फार्म.ला माझा विषय ठरला किटोकोनॅझोल या बुरशीच्या औषधाचं जेल. ठरला म्हणजे काय, एका कंपनीकडून औषधाचं गिफ्ट सॅम्पल मिळालं होतं, कार्बोपोलचा डबा स्टोअरमध्ये पडून होता आणि क्लोट्रिमॅझोलवर आधीच्या बॅचच्या पोरांचा हात फिरवून झाला होता. आपल्याकडे बरेचसे विषय असेच जुळतात. बुरशी कोणाला होते आणि तो माणूस दिवसभर काय करतो, हे सिनॉप्सिसमध्ये कोणी विचारत नाही.

मावशींच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या आणि अनामिकेच्या बेचक्यात कातडी पांढरट, भिजून सुटल्यासारखी झाली होती, आणि मधोमध लाल चीर. लावणीच्या दिवसांत बायकांच्या पायाच्या बोटांत चिखल्या होतात, त्याच हाताला झाल्यात, असं त्यांचं निदान. ते फारसं चुकलं नव्हतं. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी तिथली कातडी खरवडून काचेवर घेतली आणि तिच्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला. या थेंबाने कातडीचं केराटिन विरघळतं आणि बुरशी तेवढी सूक्ष्मदर्शकाखाली उघडी पडते. निघाली कँडिडा. दिवसभर पाण्यात हात असणाऱ्यांना ती नेमकी याच बेचक्यात गाठते, कारण ही दोन बोटं एकमेकांपासून फारशी फाकत नाहीत आणि ओल तिथेच दबून राहते.

औषध मिळालं होतं, तरी बरं होत नव्हतं. का, ते त्यांनी एकदा बेसिनपाशी मला ऐकवलं.

"मलम लावलं की चंबू हातातनं निसटतोय. फुटला की पगारातनं कापत्यात. मग दुकानातनं ते पारदर्शक आणलं, तर त्यानं आग आग होती. लावू कधी मग? रात्री? रात्री भाकरी कोण थापणार?"

तेलकट नको, झोंबायला नको, चटकन वाळावं, आणि पिठाला वास लागू नये. चार अटी. माझ्या सिनॉप्सिसमध्ये यातली एकही नव्हती.

आग कशाची ते मला लगेच कळलं. किटोकोनॅझोल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून जेल करणारा सोपा मार्ग धरतो आणि भरपूर अल्कोहोल घालतो. औषध विरघळतं, जेल काचेसारखं नितळ दिसतं, परीक्षक खूश. चिरलेल्या कातडीला मात्र ते मिठासारखं लागतं. मी अल्कोहोल कमी करून प्रॉपिलीन ग्लायकॉल वाढवायचं ठरवलं. पण तेही हात सोडून घातलं की चिकट होतं आणि कातडी चिडते. शिवाय अल्कोहोल कमी केलं की औषधाचे बारीक स्फटिक दिसू लागतात. त्या दोन टोकांमधली जागा शोधण्यात माझं एक अख्खं सत्र गेलं. गाईड सर म्हणायचे, नितळ दिसण्याचा हट्ट सोड, पेशंट ट्यूब उजेडात धरून बघत बसत नाही. (विद्यापीठाचे परीक्षक बसतात, हे त्यांनाही ठाऊक होतं.)

कार्बोपोल ही अतिशय हलकी, फुगीर, पांढरी भुकटी. एकदम पाण्यात टाकली की वरून ओली आणि आत कोरडी अशा गुठळ्या होतात, त्या रात्रभर ठेवूनही फुटत नाहीत. आमच्या बॅचच्या बीकरांना त्या चिकटून बसत आणि खरवडायच्या मावशींनी. एक दिवस त्या माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. "आरं, पिठल्याला बेसन पेरत्यात तसं पेर की. एका हातानं हलीव, दुसऱ्या हातानं पेर." मी चहाची गाळणी आणली, ढवळणीचा भोवरा धरून तिच्यातून भुकटी पेरली, आणि गुठळ्यांचा प्रश्न मिटला. पुढची गंमत त्यांना फार आवडायची. ते मिश्रण आंबट असतं आणि पातळच दिसतं. त्यात ट्रायइथेनॉलामाइनचे थेंब सोडले की पॉलिमरच्या वेटोळलेल्या साखळ्यांवर ऋण भार येतो, त्या एकमेकींना ढकलत उलगडतात आणि बघता बघता बीकरमध्ये जेल उभं राहतं. मावशी हात पुसत पुसत तेवढं बघायला यायच्या.

बिनऔषधाचं जेल त्या स्वतःच्या मनगटावर, धडधाकट कातडीवर, चोळून बघत आणि निकाल देत. स्प्रेडॅबिलिटी मोजायला दोन काचपट्ट्या आणि वजनं असतात. मी तीही वापरली, आकडे प्रबंधात आहेत. पण "ह्ये वाळल्यावर पापुद्रा धरतंय" हे काचपट्टीने सांगितलं नसतं. औषध घातलेलं जेल मात्र मी त्यांना कधी दिलं नाही. त्यांनी मागितलं, दोनदा-तीनदा मागितलं, आणि चिडल्याही. एथिक्स कमिटी म्हणजे काय हे बेसिनपाशी समजावून सांगणं सोपं नव्हतं.

फ्रांझ सेलचे दिवस वेगळे. थॉमस फ्रांझ यांनी 1975 साली मांडलेल्या या काचेच्या उपकरणात वर जेल, मध्ये पडदा, खाली 32 अंशांवर ठेवलेलं द्रावण असतं, आणि औषध किती झिरपलं ते दर तासाला नमुना काढून बघायचं. पडद्याखाली हवेचा एक बुडबुडा अडकला की दिवसभराचं काम पाण्यात. रात्री उशिरापर्यंत लॅब उघडी ठेवायची परवानगी सरांनी दिली होती, पण सेल दुसऱ्या दिवशी सकाळी स्वच्छ लागत. मावशी दहाच्या कॉलेजला आठला येत. ओव्हरटाइम हा शब्द त्या मस्टरमध्ये नव्हता.

बुरशीविरोधी औषधांच्या इतिहासात मला आवडणारी एक गोष्ट आहे. एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राउन या दोघी न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात काम करत. एक न्यूयॉर्क शहरात, दुसरी ऑल्बनीला. मातीतल्या जीवाणूंची कल्चर आणि त्यांचे अर्क टपालाने जात-येत. 1950 साली त्यांनी जाहीर केलेल्या औषधाला पुढे राज्याच्या नावावरून निस्टॅटिन म्हणू लागले. ज्या जीवाणूपासून ते मिळालं त्याचं नाव स्ट्रेप्टोमायसिस नूर्सिआय. हेझनबाईंनी व्हर्जिनियातल्या नूर्स नावाच्या स्नेह्यांच्या शेतातून ती माती उचलली होती, म्हणून. मातीच्या मालकाचंही नाव लॅटिनमध्ये कायमचं कोरलं गेलं.

आमच्याकडे प्रबंधाच्या ऋणनिर्देशाचा साचा ठरलेला असतो: प्राचार्य, गाईड, सॅम्पल देणारी कंपनी, आईवडील, मित्र, आणि शेवटी 'सर्व शिक्षकेतर कर्मचारी'. मीही तोच उतरवला. सरांनी शेवटच्या ओळीवर लाल रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'नावं?' मावशींचं आडनाव मी ऑफिसात मस्टरवर जाऊन पाहिलं. छापील पान दाखवलं तेव्हा त्यांनी आपलं नाव तेवढं वाचून घेतलं आणि पानाची झेरॉक्स मागितली.

आता त्या निवृत्त आहेत. मध्यंतरी नातवाकरवी व्हॉट्सॲपवर फोटो आला, सुनेच्या कमरेवर गजकर्ण. सोबत ट्यूबचाही फोटो: एकाच मलमात स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध. खाज दोन दिवसांत थांबते ती स्टेरॉइडने, आणि दबलेली बुरशी कडेकडेने पसरत राहते. 2018 साली सरकारने स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, तरी ही ट्यूब गावात काउंटरवर मिळाली होतीच. मी फोन केला. ते मलम थांबवा, टॉवेल-कपडे वेगळे ठेवा, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, म्हटलं.

"दाखवतो. पण तू केलंतास ते कुठं मिळतंय?"

कुठेच नाही, म्हटलं. दुकानात यायचं तर ते वर्ष-दोन वर्षं टिकतं हे दाखवावं लागतं, पेशंटवर रीतसर चाचण्या, मग परवाना. माझं जेल तेव्हा खिडकीपाशी ठेवलं तर गुलाबी पडायला लागलं होतं. कॉलेजातलं काम कॉलेजातच राहिलं.

पलीकडे जरा वेळ काही आवाज नाही. मग म्हणाल्या, "म्हंजे नुसत्या बाटल्याच धुतल्या की रं मी."