‘च’ आणि तांब्याची तार

‘ध्वनिवर्धक’ हा शब्द आपण इतक्या सरावाने वापरतो, की त्यातल्या ‘वर्धन’ या पदाने केलेली दिशाभूल सहसा ध्यानात येत नाही. (काव्यात ध्वनीची प्रतिष्ठापना करणाऱ्या आचार्यांच्या नावातही ‘वर्धन’ असावे हा निव्वळ योगायोग, पण वर्गात सांगायला बरा.) लहानसा आवाज फुगून मोठा होतो, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात काहीच फुगत नाही. मायक्रोफोनमधून निघणारा क्षीण प्रत्यावर्ती विद्युत्प्रवाह, जेमतेम एक-दोन मिलिव्होल्टांचा, वर्धकात शिरतो आणि तिथे केवळ हुकूम सोडतो; बळ येते ते भिंतीतल्या वीजपुरवठ्याचे. कालव्यावरचा पाटकरी दार वरखाली करतो तेव्हा त्याच्या दंडाचे पाणी होत नसते. पाणी धरणाचे, चढउतार तेवढे त्याच्या हाताचे.

या गोष्टीत मला रस वाटू लागला तो अण्णांमुळे. माझ्या वडिलांनी उभा जन्म शाळेत मराठी शिकवले. वयाच्या ऐंशीच्या आसपास त्यांनी व्याख्यानांना जाणे हळूहळू सोडले. श्रवणयंत्र होते, सभागृहात कर्णेही होते. “आवाज येतो गं, शब्द येत नाही,” एवढेच ते म्हणत. त्या एका वाक्यात ध्वनिविचाराचा एक अख्खा धडा आहे. स्वरांचे बळ खालच्या कंप्रतांत असते, तर स, श, च यांसारख्या घर्षणयुक्त व्यंजनांचा जीव सेकंदाला तीन-चार हजार कंपनांच्या आणि त्याहून वरच्या प्रदेशात असतो. वार्धक्य नेमका हाच वरचा प्रदेश आधी काढून घेते. आवाज वाढवला की स्वर वाढतात, भिंतींवरून परतणारा घुमारा वाढतो, शेजारच्याचे खोकणेही वाढते. व्यंजन मात्र राहते तिथेच. आणि अर्थ तर बव्हंशी व्यंजनांच्याच भरवशावर उभा असतो.

पदार्थविज्ञानाच्या एका सहकाऱ्यांनी सुचवले, की आवाज हवेतून नेऊच नये. पुष्कळ श्रवणयंत्रांत ‘टी’ असा खटका असतो. तो लावला की यंत्राचा मायक्रोफोन बंद होतो आणि आतले एक इवलेसे वेटोळे जागे होते. टेलिफोनच्या श्रवणिकेतून झिरपणारे चुंबकीय क्षेत्र टिपणे हे त्याचे मूळ काम. परंतु खोलीच्या कडेने तारेचे मोठे वेटोळे फिरवून त्यात बोलण्याचा प्रवाह सोडला, तर सगळी खोलीच एक विद्युत्चुंबक होते, लोखंडी गाभा नसलेले. बोलणाऱ्याच्या ओठांपासून ऐकणाऱ्याच्या कानातल्या यंत्रापर्यंत मधली हवा, भिंती, घुमारा सगळेच वगळले जाते. जोसेफ पोलियाकॉफ यांनी १९३७ साली ब्रिटनमध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले होते.

आमची बैठकीची खोली साधारण १५ फूट चौरस. तेवढ्या जागेत पुरेसे क्षेत्र उभे करायला तारेच्या एका वेढ्यातून सुमारे २ अँपिअर प्रवाह वाहायला हवा. सहकाऱ्यांनी प्रथम बारीक तारेचे १० वेढे घातले. मग प्रवाह दशांशाने पुरतो. अण्णांनी खटका लावला, ऐकले आणि म्हणाले, “घोंगडीतून बोलल्यासारखं वाटतंय.” कारण ऐकण्यासारखे आहे. वेटोळे आपल्या क्षेत्रात होणाऱ्या बदलाला आडवे येते. बदल जितका जलद, तितका विरोध जास्त. शिवाय वेढे दसपट केले की हा विरोध शंभरपट होतो, तारेचा साधा रोध मात्र दसपटच वाढतो. म्हणजे ते वेटोळे स, श, च नेमके गिळत होते आणि आ, ओ सुखाने पुढे सोडत होते. वार्धक्याने जे केले तेच तांब्यानेही केले! (आपल्याकडच्या समीक्षेतही असे दहा वेढ्यांचे लेखन बरेच असते. क्षेत्र मोठे, व्यंजन एक नाही.)

दुसऱ्या खेपेला त्यांनी जाड तारेचे दोनच वेढे ठेवले, प्रवाह १ अँपिअरच्या आसपास नेला आणि मुद्दाम ४ ओहमचा एक रेझिस्टर मालिकेत जोडला. आता एकूण रोधात वेटोळ्याचा विरोध बोलण्याच्या मर्यादेपर्यंत नगण्य ठरतो, आणि उंच कंप्रताही जवळपास तेवढ्याच जोमाने जातात. किंमत अशी, की वर्धकाची बहुतेक शक्ती त्या रेझिस्टरला तापवण्यात खर्च होते. त्याला हात लावून पाहिला, चांगलाच गरम होता. एका ‘स’साठी एवढी उष्णता जाळावी लागते हे मला फार पटले.

एक अडचण उरलीच. जुन्या ट्यूबलाइटच्या चोकची गुणगुणही त्या ‘टी’ला ऐकू येते, कारण ५० आवर्तनांचा प्रवाह हेही एक बोलणेच. म्हणून वाचनाच्या वेळी आम्ही ट्यूब घालवून साधा बल्ब लावू लागलो.

बंगळुरात वाढलेली माझी भाची सुटीत आली, तेव्हा वाचायचे काम तिच्याकडे गेले. आपल्या लिपीत ‘चहा’तला तालव्य आणि ‘चाका’तला दंत्य असे दोन्ही उच्चार एकाच ‘च’ने लिहिले जातात, कोणता कुठे, हे कानानेच शिकावे लागते. तिसऱ्या पानावर ‘चूल’ आली. तिने ती ‘चहा’च्या ‘च’ने वाचली. अण्णांनी हात वर केला, शाळेत करीत तसाच, आणि म्हणाले, “थांब बाळ. चूल. पुन्हा म्हण.”