घसरड्या रस्त्याचा न्याय

आमची धाकटी लेक आणि जावई कॅनडात असतात. ओंटारिओ प्रांतात, टोरोंटोच्या पश्चिमेला सुमारे ११० किलोमीटरवर वॉटर्लू नावाचे शहर आहे. तिथे त्यांचे बिऱ्हाड. २०२५ च्या जानेवारीत कांद्याची लागवड उरकली, शेत थोरल्याच्या हवाली केले आणि आम्ही दोघे नवरा-बायको निघालो. निफाड तालुक्याबाहेर फारसे न गेलेली आमची सौभाग्यवती तीन स्वेटर आणि चटणीचे डबे घेऊन विमानात बसली.

तिथली थंडी शब्दांत सांगून कळायची नाही. शून्याखाली पंधरा अंश म्हणजे नाकातला श्वास नाकातच गोठल्यासारखा वाटतो. शेते पांढरीशुभ्र. मक्याची खुंटे तेवढी बर्फातून डोके वर काढून उभी. मला वाटले, जमीन पडीकच असणार. जावई म्हणाले, "मामा, खाली गहू आहे." तो शरदात पेरतात. कोंब वर आले की बर्फ पडतो आणि त्या जाड गोधडीखाली गहू हिवाळाभर निजून राहतो. उघड्यावर राहिला तर गारठ्याने जळेल, बर्फाखाली वाचतो. आपल्याला बर्फ म्हणजे पिकाचा वैरी वाटतो. तिथे तो राखणदार!

रस्त्यांवर मात्र या बर्फाशी लढाई चालते. पुढे नांगराच्या फाळासारखा रुंद पत्रा लावलेले ट्रक पहाटेपासून बर्फ बाजूला सारतात आणि मागून मीठ टाकत जातात. मिठाने पाण्याचा गोठण्याचा बिंदू खाली जातो, म्हणून बर्फ सुटतो. ह्युरॉन सरोवराच्या काठी गॉडरिच म्हणून गाव आहे. तिथे १८६६ मध्ये तेलासाठी जमिनीत भोक पाडले, तर मीठ लागले. आज सरोवराच्या तळाखाली सुमारे साडेपाचशे मीटर खोल अशी तिथली मिठाची खाण जगातली सर्वांत मोठी भूमिगत मीठखाण मानतात. पण थंडी फार कडक पडली की मिठाचाही जोर कमी पडतो. मग आडरस्त्यांवर वाळू टाकतात.

एका शनिवारी सेंट जेकब्सच्या शेतकरी बाजाराला जायचे ठरले. रात्री पाऊस पडून गेला होता. हा पाऊस आपल्यासारखा नव्हे. थेंब खाली पडला की जागेवर गोठतो. सकाळी झाडाची काडी न् काडी काचेची झालेली. जावयांनी मुद्दाम आडरस्ता धरला, कारण मला मेनोनाइट लोकांची शेते पाहायची होती. हा ख्रिस्ती लोकांचा एक साधा पंथ. यांचे पूर्वज १८०० च्या सुमारास अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातून इकडे आले. त्यांच्यातले जुन्या वळणाचे लोक आजही मोटार ठेवत नाहीत. काळ्या घोडागाडीने बाजार करतात.

एका चौफुलीवर थांबण्याची पाटी होती. पुढे एक पिकअप ट्रक थांबलेला. जावयांनी ब्रेक दाबला. गाडीचा वेग फार तर वीसचा असेल. पण चाके थांबली आणि गाडी चालतच राहिली! ओल्या शेवाळावरून पाय सटकावा तशी ती सावकाश, निवांत पुढे गेली आणि धप्पकन ट्रकच्या मागच्या अंगाला टेकली. रस्ता तर कोरडा दिसत होता. त्यावरचा बर्फ इतका पातळ होता की खालचे काळे डांबर आरपार दिसत होते. तिकडे त्याला 'ब्लॅक आइस' म्हणजे काळा बर्फ म्हणतात. पुलावर आणि झाडांच्या सावलीत तो आधी धरतो.

कोणाला खरचटलेही नाही. आमचा हेडलाइट फुटला, बंपर चेपला. ट्रकच्या मागच्या फळीला पोचा आला. ट्रकमधून एक म्हातारा शेतकरी उतरला. मी मनात म्हटले, आता बाचाबाची होणार, माणसे गोळा होणार. माणसे कसली गोळा होणार? आसपास मैलभर कोणी नव्हते. जावई "सॉरी, सॉरी" म्हणत पुढे गेले. म्हाताऱ्याने आधी आमच्या सौभाग्यवतीकडे बोट करून विचारले, "त्यांना लागलं नाही ना?" मग दोघांनी गाड्या कडेला घेतल्या, फोटो काढले आणि आपापला विम्याचा कागद एकमेकांना दाखवला. हा कागद गुलाबी रंगाचा असतो. विम्याशिवाय रस्त्यावर गाडी आणायला तिथे बंदी आहे, आणि दुसऱ्याच्या नुकसानीपोटी निदान दोन लाख डॉलरचा विमा प्रत्येकाला घ्यावाच लागतो.

पोलीस बोलवायचे का, असे मी विचारले. कोणी जखमी असेल, किंवा एकूण नुकसान ठरावीक रकमेच्या वर असेल, तर पोलिसांना कळवावेच लागते. ही मर्यादा १ जानेवारी २०२५ पासून २००० डॉलरवरून ५००० डॉलर झाली होती. आमचे नुकसान त्याच्या आतले होते.

हे चालले असताना एक काळी घोडागाडी आमच्या शेजारून गेली. घोड्याच्या नालांना बर्फात रुतणारी टोके बसवली होती. टापा टक् टक् वाजत होत्या. घसरण्याचे नाव नाही.

घरी आल्यावर खरा वाद सुरू झाला. जावई म्हणाले, "मामा, यात माझी काय चूक? रस्ता काचेसारखा होता. कोणीही घसरलं असतं." मीही जोराने मान डोलावली. मला ते अगदी पटले होते. का पटले, ते पुढे सांगतो. त्यातच त्यांच्या एका मित्राने फोनवर घाबरवले, "सॉरी कशाला म्हणालास? म्हणजे गुन्हा कबूल केलास!"

सोमवारी विमा कंपनीच्या माणसाने फोनवर सगळे नीट विचारून घेतले आणि निकाल सांगितला : दोष शंभर टक्के मागच्या गाडीचा. जावयांनी बर्फाची गोष्ट पुन्हा सांगितली. त्यावर त्याने जे सांगितले ते मी लेकीकडून दोनदा समजून घेतले. ओंटारिओत विमा कंपन्यांनी अपघाताचा दोष कसा ठरवायचा, याचे सरकारी नियम आहेत. १९९० च्या संहितेतला ६६८ क्रमांकाचा विनियम. त्यात साफ लिहिले आहे की दोष ठरवताना हवामान, रस्त्याची अवस्था आणि दृश्यमानता विचारात घ्यायची नाही. त्याच लेनमध्ये थांबलेल्या गाडीला मागून धडक दिली, तर दोष मागच्याचा. ऊन असो, पाऊस असो, बर्फ असो.

"हा कसला न्याय?" मी म्हणालो.

लेक चहा गाळत होती. ती म्हणाली, "बाबा, त्याच बर्फावर तो म्हातारा गाडी थांबवून उभा होताच की!"

यावर आम्हा दोघांनाही उत्तर सुचले नाही. थोड्या वेळाने जावई आपणहून म्हणाले, "थंडीचे टायर डिसेंबरातच बसवायचे होते. राहून गेलं." या टायरचे रबर सात अंशांच्या खालीही मऊ राहते, साध्या टायरचे कडक होते. शेजारच्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हे टायर सक्तीचे आहेत. ओंटारिओत सक्ती नाही, पण ते बसवणाऱ्याला हप्त्यात सूट द्यावी, असे बंधन २०१६ पासून विमा कंपन्यांवर आहे.

पैशाचा हिशेबही मी समजून घेतला. तिकडे साधारणपणे प्रत्येकजण आपल्या नुकसानीसाठी आपल्याच कंपनीकडे जातो. त्यामुळे दोघांना एकमेकांच्या दारात भांडत बसावे लागत नाही. म्हाताऱ्याचा दोष शून्य, म्हणून त्याच्या ट्रकची दुरुस्ती त्याच्या कंपनीने केली. जावयांनी स्वतःच्या गाडीच्या धडकेचाही विमा जादा पैसे भरून घेतला होता, म्हणून आमचीही गाडी दुरुस्त झाली. मात्र पहिले हजार डॉलर त्यांच्या खिशातून गेले आणि पुढच्या वर्षी हप्ता वाढणार, हेही कळले. बर्फाची किंमत अशी चुकती झाली.

आणि त्या 'सॉरी'चे काय? त्याचीही तिथे सोय आहे! २००९ मध्ये ओंटारिओने माफीचा कायदाच केला. माफी मागणे म्हणजे दोषाची कबुली नव्हे, त्यामुळे विमा रद्द होत नाही आणि दिवाणी दाव्यात ती पुरावा म्हणून वापरता येत नाही. माणसाने माणसाला दोन शब्द बोलावेत आणि कोर्टाच्या भीतीने ओठ शिवून घेऊ नयेत, म्हणून कायदा करावा लागला. मला आधी हसू आले. मग रात्री झोप लागेना.

आता ते का पटले होते, ते सांगतो. पाच वर्षांपूर्वी आषाढात आमचा ट्रॅक्टर गावरस्त्यावरून येत होता. मीच चालवत होतो. काळ्या चिखलात ट्रॉली घसरली आणि शेजारच्या आबांच्या कांदाचाळीवर जाऊन आदळली. कूड मोडला, पत्रा सरकला. त्याच रात्री पाऊस झाला आणि त्यांचा साठवलेला कांदा भिजून सडला. मी म्हणालो, "चिखलाला कोण काय करणार, आबा?" ते काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून आमच्याशीही बोलले नाहीत.

ट्रॅक्टरचा विमा होता. आपल्याकडेही १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा विमा सक्तीचा आहे, आणि ट्रॅक्टरही त्यात येतो. त्यातून आबांच्या भरपाईची वाट निघाली असती. पण मी पॉलिसीचा कागद कपाटाबाहेर काढलाच नाही. काढला असता तर चूक माझी होती, हे मान्य करावे लागले असते. ट्रॉलीचे टायर गुळगुळीत झाले होते. ते मला ठाऊक होते. आणि त्याच चिखलातून आबांची बैलगाडी संध्याकाळी नीट घरी गेली होती.

फाल्गुन संपता संपता आम्ही परतलो. पाडव्याला गुढी उभारली आणि मी आबांच्या ओसरीवर गेलो. म्हणालो, "आबा, चूक माझी होती. चिखलाची नव्हे. दहा क्विंटल कांद्याचे त्या सालच्या भावाने पैसे घेऊन आलोय."

आबा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग आत तोंड करून चहा टाकायला सांगितला आणि मला म्हणाले, "दहा नव्हते. आठच भिजले होते. बस."