रांजणावरील राख

जे गुळगुळीत, जे प्रमाणबद्ध, तेच सुंदर, अशी आम्हां बहुतेकांची समजूत असते. मध्ययुगीन जपानचे रांजण या समजुतीस धक्का देतात. खांदा किंचित कललेला, अंगावर खडे उमटलेले, एक बाजू तांबूस तर दुसरीवरून हिरवट ओघळ उतरलेले. असे हे रांजण आज जपानच्या संग्रहालयांत मानाने विराजमान झालेले आहेत. हे कसे घडले?

सेतो, तोकोनामे, एचिझेन, शिगाराकी, तांबा आणि बिझेन ही त्या कलेची सहा प्रख्यात स्थाने होत. कोयामा फुजिओ या अभ्यासकाने विसाव्या शतकात त्यांना 'सहा प्राचीन भट्ट्या' हे नाव दिले. तेथील मातीकाम आजही चालू आहे. मात्र त्या काळच्या बहुतेक कुंभारांची नावे कोणास ठाऊक नाहीत. पाणी साठवावे, धान्य व बियाणे राखावे, एवढ्याचसाठी त्यांनी मातीच्या वळ्यांवर वळ्या रचून हे रांजण उभे केले.

डोंगराच्या उतारावर बोगद्यासारखी भट्टी असे. तिची विद्या पूर्वीच कोरियातून आलेली. कित्येक दिवस अहोरात्र तीत लाकडे जाळीत. उष्णता सुमारे १२०० अंशांवर गेली की उडालेली राख रांजणाच्या खांद्यावर वितळून काचेसारखी होई. त्या काळी मुद्दाम झिलई चढवीत ती केवळ सेतोमध्ये. इतरत्र हा शृंगार अग्नीच करी. आपल्याकडील माठ मंद आचेचा. तो पाझरतो, म्हणूनच पाणी गार होते. जपानी रांजण मात्र दगडासारखा घट्ट होऊन पाणी धरून ठेवतो.

या खेडवळ भांड्यांना पुढे चहाच्या दालनात स्थान मिळाले. मुराता जुको (१४२३–१५०२) आणि सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) या चहाविधीच्या आचार्यांनी साधेपणातील सौंदर्याची थोरवी वाढविली. परंतु जुकोने आपल्या एका पत्रात नवशिक्यांना बजावलेही आहे, की अंगी परिपक्वता नसताना बिझेन-शिगाराकीची भांडी हाती घेऊन रसिकतेचा आव आणणे व्यर्थ होय.

हा इशारा आम्हांला फार मोलाचा वाटतो. वेडेवाकडे ते सारे सुंदर, असे ठरले तर आळशाचे चांगलेच फावेल! त्या कुंभाराने वाकडेपणा साधण्यासाठी रांजण वाकडा केला नव्हता. माती निवडण्यात, वळ्या सांधण्यात, रात्रभर जागून आग राखण्यात त्याने कसूर केली नाही. पुढचे मात्र अग्नीवर सोपविले. आपले काम चोख केल्यावर जो डाग उरतो, तोच भूषण ठरतो. कामचुकारपणाचा डाग हा डागच राहतो.

उन्हाळ्यात माठ विकत घेताना आपण तो बोटांनी वाजवून पाहतो. यापुढे त्याच्या अंगावरील धुराचा काळा पट्टाही आम्ही जरा थांबून न्याहाळू.