पत्ता नको, फोन कर

माझ्या भाच्याला ऑटिझम आहे हे कळलं तेव्हा तो साडेतीन वर्षांचा होता. निदान पुण्यात झालं आणि तो राहतो बार्शीला. पुढच्या अडीच वर्षांत आमच्या घरात जे काही घडलं, त्यातलं बरंचसं या दोन गावांमधल्या अंतरामुळे घडलं. एसटीने पाच तास, आणि पिल्लूला (घरात त्याला हेच म्हणतात, इथेही तेच म्हणतो) हॉर्नचा आवाज सहन होत नाही.

त्याआधीचं वर्ष 'बोलेल की' या दोन शब्दांत गेलं. दाजी चार वर्षांचे होईपर्यंत बोलले नव्हते, असं त्यांच्या आईंनी सांगितलं. मुलगे उशिराच बोलतात, असं शेजारच्या काकूंनी सांगितलं. भगवंताला नवस बोलून झाला. ताई मात्र बघत होती. हाक मारली तर पिल्लू वळत नाही, पण कुकरची शिट्टी व्हायच्या आधीच कान झाकतो. हवं ते मागत नाही, ताईचा हात धरून तिला फडताळापर्यंत नेतो. खेळण्यातली गाडी चालवत नाही, उलटी करून चाकं फिरवत बसतो. डॉक्टरांनी या सगळ्याला एक नाव दिलं. मराठीत स्वमग्नता. ताईला तो शब्द आवडत नाही. "तो स्वतःत कुठे मग्न आहे? तो पंख्यात मग्न आहे," असं ती म्हणते.

निदान झालं आणि फोनवर नंबर येऊ लागले. कुणाच्या नणंदेचा मुलगा 'तसाच' होता, तो कुठे जायचा त्याचा पत्ता. कुठल्या तरी संस्थेची पीडीएफ. यूट्यूबची लिंक. प्रत्येकाला मनापासून मदत करायची होती आणि प्रत्येकाची मदत 'फॉरवर्ड'पाशी संपत होती. ताई एका पतसंस्थेत क्लार्क आहे. दहा ते सहा काउंटरवर, त्यानंतर घर आणि पिल्लू. एका रात्री तिने मला फोन केला आणि म्हणाली, "मला आणखी पत्ते नकोत रे. यातल्या एकाला तरी तू फोन कर."

मी हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. लग्न झालेलं नाही, हेडफोन दिवसभर कानात असतोच. सकाळचा स्टँड-अप संपला की दोन फोन, जेवणाच्या सुट्टीत दोन, असं ठरवलं. एकूण एकतीस नंबर होते. नऊ बंद किंवा चुकीचे निघाले. सहा संस्था कर्णबधिर किंवा अन्य दिव्यांग मुलांसाठी होत्या. आठ ठिकाणी वेटिंग लिस्ट, कुठे तीन महिन्यांची, कुठे आठ. उरल्या आठ. ही गाळणी लावायला मला तीन आठवडे लागले. ताईला काउंटरवर बसून हे करायला किती लागले असते, हिशेब तुम्हीच करा.

फोन करताना काय विचारायचं हेही हळूहळू कळत गेलं. पहिला प्रश्न नोंदणीचा. स्पीच थेरपिस्ट, विशेष शिक्षक आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. ऑक्युपेशनल थेरपिस्टची नसते. त्यांच्यासाठी महाराष्ट्रात वेगळी राज्य परिषद आहे. नंबर विचारला की खरे लोक लगेच सांगतात. दुसरा प्रश्न: सेशन चालू असताना आईला आत बसू देता का? तिसरा: घरी काय करायचं ते लिहून देता का? या दोन प्रश्नांना 'नाही' म्हणणारी जागा बार्शीच्या मुलासाठी निरुपयोगी होती, कारण तो आठवड्यातले सहा दिवस थेरपिस्टच्या नाही, घरच्या माणसांच्या हातात असणार होता.

एका ठिकाणी मला न विचारताच 'स्टेम सेल पॅकेज' सांगितलं गेलं. रक्कम लाखांत, वर "जितका उशीर कराल तितका मुलाचा तोटा" हे वाक्य. आयसीएमआरच्या 2017च्या मार्गदर्शक सूचना मी फोनवर बोलत असतानाच उघडून वाचल्या. रक्ताशी संबंधित ठरावीक आजार सोडले तर स्टेम सेलला मान्यताप्राप्त उपचार म्हणता येत नाही, आणि ऑटिझम त्या आजारांत नाही. दाजी तोवर आडतीच्या धंद्यातून पैसे काढायच्या विचारात होते. त्यांना दोष देता येत नाही. मूल बोलेल असं कुणी छातीठोक सांगितलं तर कुठलाही बाप आधी पैसे मोजतो, मग कागद वाचतो.

पैशांचं गणित तसंही अवघड होतं. आम्हाला सांगितलेला दर एका सेशनला 800 रुपयांच्या आसपास होता. आठवड्याला सहा सेशन म्हणजे महिन्याला 19,200. ताईचा पगार 15,000. पुण्यात खोली घ्यायची तर ताईने नोकरी सोडायची, दाजींनी दुकानासाठी बार्शीतच राहायचं आणि पिल्लूने बापाला महिन्यातून दोनदा बघायचं. असं राहणारी कुटुंबं मला पुण्यात भेटली. ती चुकीची नाहीत. पण आमच्याकडे हा प्रश्न 'ताईने काय सोडायचं' असाच विचारला जात होता.

मध्ये सरकारी कागद आले. 1995च्या अपंग व्यक्ती कायद्यात ऑटिझम हा शब्दच नव्हता. 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला आणि 2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने तो 21 प्रकारांच्या यादीत घेतला. म्हणजे माझ्या शाळेत माझ्या वर्गात असा एखादा मुलगा असता, तर त्याला कायद्याने काही फारसं दिलं नसतं. आता यूडीआयडी कार्डासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. मी तो रात्री अकराला भरला. तपासणीला मात्र मुलाला घेऊन जावंच लागतं. तिथे आयसा नावाची भारतीय चाचणी वापरतात. चाळीस मुद्दे, प्रत्येकाला एक ते पाच गुण, बेरीज सत्तरच्या पुढे गेली की ऑटिझम, आणि जितकी जास्त तितका तीव्र.

ताई बाहेर आली तेव्हा गप्प होती. नंतर बसमध्ये म्हणाली, "सगळे प्रश्न त्याला काय येत नाही याचे. एकदा विचारलं, याची स्मरणशक्ती काही वेगळी आहे का? मला बरं वाटलं. रिक्षावाल्याने गल्ली बदलली तरी याला कळतं, असं मी हौसेने सांगितलं. तर त्याचेही गुण त्याच बेरजेत धरले." मी काही बोललो नाही. परीक्षेत जास्त मार्क पडले म्हणून रडणारी आई मी पहिल्यांदाच पाहत होतो.

तरीही हे कार्ड काढाच, असं मी प्रत्येकाला सांगतो. त्याच्याशिवाय पुढचं दार उघडत नाही. राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विमाकवच देते. आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही आणि ठरलेल्या मर्यादेत थेरपीचा खर्चही त्यात बसतो. जुन्या करप्रणालीत राहणाऱ्या पालकांना 80डीडी कलमाखाली 75,000 रुपयांची वजावट मिळते, तीव्र दिव्यांगत्व असेल तर सव्वा लाखाची. दहावी-बारावीला जादा वेळ आणि लेखनिक मिळतो. 'सर्टिफिकेट काढलं तर मुलाला शिक्का बसेल' असं आमच्याकडेही म्हणून झालं. शिक्का लोक कागद न बघताच मारतात. कागदाने निदान फी तरी कमी होते.

मी एक शीट केली होती. जागा, अंतर, फी, वेटिंग, नोंदणी क्रमांक. त्यात शेवटी एक रकाना टाकला: 'कोण नेणार?' सगळ्या ओळींत एकच नाव आलं. दिवाळीत ती शीट मी लॅपटॉपवर दाजींना दाखवली. ते आकडे बघणारे गृहस्थ आहेत, फीवरच थांबतील असं वाटलं होतं. ते शेवटच्या रकान्यावर बोट फिरवत खाली गेले, पुन्हा वर आले. म्हणाले काहीच नाहीत. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ताईला म्हणाले, "मंगळवारी दुकान बंद असतं. मंगळवार माझा." एवढंच.

मग रस्ता निघाला. ताईने सहा आठवड्यांची बिनपगारी रजा घेतली आणि पिल्लूला घेऊन माझ्या फ्लॅटवर राहिली. त्या आठपैकी एका केंद्रात थेरपिस्ट पिल्लूला जितकं शिकवत होती तितकंच ताईला. ताई त्याच्याशी खेळतानाचा व्हिडिओ काढायचा, मग दोघींनी तो बघायचा: इथे तो तुझ्याकडे बघत होता, इथे तू थांबली असतीस तर त्याने हात पुढे केला असता. नंतर वाचलं तर कळलं की गोव्यातल्या संगाथ संस्थेने नेमक्या अशाच पद्धतीचा अभ्यास केला होता. गोवा आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी मिळून 65 मुलं, आणि पालकांना शिकवणारे मोठे तज्ज्ञ नव्हते, खास प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते होते. 2016 साली तो लॅन्सेट सायकियाट्रीत छापून आला. आई-वडील मुलाच्या लयीत खेळू लागले आणि मुलंही संवादाची सुरुवात जास्त करू लागली. जिथे थेरपिस्ट पोचत नाही तिथे आई-बापाला शिकवणं ही तडजोड वाटत होती, ती तशी नाही हे वाचून ताईला धीर आला.

फोनमध्ये जेलो टाकलं. आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागात बनलेलं हे फुकट ॲप आहे. चित्रावर बोट ठेवलं की फोन बोलतो, मराठीतही. 'फोनच बोलायला लागला तर हा कशाला बोलेल?' अशी आईला भीती होती. चित्रांनी मागता आलं म्हणून बोलणं थांबत नाही, असं थेरपिस्टने सांगितलं. आमच्याकडे थांबलं ते डोकं आपटणं. पाणी हवं आहे हे सांगता आलं की आपटायची गरज उरली नाही.

सगळ्यात जवळची सोय मात्र सगळ्यात उशिरा सापडली. खासगी शाळांनी "आमच्याकडे तशी सोय नाही" असं गोड शब्दांत सांगितलं होतं. पुण्यात ओळख झालेल्या लातूरच्या एका आईने ताईला विचारलं, "तुमच्या गट साधन केंद्रात विचारलंत का?" समग्र शिक्षा अभियानात तालुक्याला समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. दाजी मंगळवारी गेले. मॅडम भेटल्या. त्यांच्याकडे अख्ख्या तालुक्याचा भार, पण त्या घरी आल्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत स्वतः बरोबर आल्या. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "पाठवा. घंटा वाजायच्या आधी त्याला बाहेर नेत जाऊ." जिल्ह्याच्या ठिकाणी शासनाचं शीघ्र हस्तक्षेप केंद्रही असतं, 2013च्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं, मोफत. पण त्या कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत जातात. पिल्लू खासगी नर्सरीत होता, म्हणून ती आमच्यापर्यंत कधी आलीच नाहीत.

ती लातूरची आई आता ताईच्या ग्रुपमध्ये आहे. तिथे जे मिळतं ते कुठल्या यादीत नसतं. कोणता न्हावी मशीन न लावता कात्रीने केस कापतो, आणि त्याआधी दुकानाचे फोटो मुलाला चार दिवस दाखवायचे. कोणता दातांचा डॉक्टर पहिल्या भेटीत फक्त खुर्ची वर-खाली करून दाखवतो.

पिल्लू आता सहा वर्षांचा आहे, पहिलीत. तीसेक शब्द बोलतो, बाकी फोन बोलतो. ताई काउंटरवर परत गेली. सगळं सुटलेलं नाही. तो अठराचा झाल्यावर पालकत्वासाठी वेगळा अर्ज करावा लागेल, त्याच्या पुढचा विचार ताई रात्री करते आणि सकाळी सांगत नाही.

हे वाचणारे तुम्ही बहुतेक आई-बाप नसाल. मामा, मावशी, काका, आत्या असाल. आपल्याकडे लॅपटॉप आहे, ऑफिसचं वायफाय आहे, इंग्रजी फॉर्म वाचता येतो आणि कुणी फोनवर तोडून बोललं तरी ते आपल्या मुलाबद्दल नसतं, म्हणून पुढचा फोन लावता येतो. हे शेवटचं फार मोठं भांडवल आहे.

गेल्या महिन्यात टीममधल्या एका मुलीने पिंग केलं. तिच्या नांदेडच्या भाचीचं नुकतंच निदान झालं होतं. "तुझ्याकडे लिस्ट आहे ना, पाठवतोस?" मी विचारलं, उद्या जेवणाच्या सुट्टीत वेळ आहे का? मीटिंग रूम बुक करतो, दोघं मिळून फोन लावू.