तिसरी फुली

तुमच्यापैकी कुणाला पक्षी बघायचा नाद आहे का? असेल, तर शिक्रा आणि पावशा या दोघांनी तुम्हाला एकदा तरी फसवलं असणार. शिक्रा हा छोटा शिकारी पक्षी. पावशा कोकिळेच्या कुळातला, सुरवंट आणि किडे खाणारा. पण दोघांची पाठ राखाडी, अंगाखाली आडव्या तांबूस रेघा, शेपटीवर पट्टे आणि उडायची ढबही जवळजवळ तीच. पावशाची मादी सातभाईंच्या घरट्यात अंडी घालते. तिला पाहून बिचाऱ्या सातभाईंना शिक्राच आल्यासारखं वाटतं. पक्षीसुद्धा जिथे फसतात, तिथे आपली काय कथा! एक खूण मात्र पक्की. शिक्र्याची चोच आकड्यासारखी खाली वळलेली असते, पावशाची बरीच सरळ.

ही खूण आज मला झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येईल. पण ती शिकताना माझ्या हातून एक चूक झाली. तीच आज तुम्हाला सांगणार आहे.

गोष्ट १९८६ सालची. मी आठवीत होतो. आमच्या शाळेत पक्षी बघणाऱ्या मुलांचं एक मंडळ होतं. वाचनालयाबाहेर एक जुना फळा टांगलेला होता. कुणाला नवा पक्षी दिसला, की लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर त्याची माहिती लिहायची आणि ते कार्ड फळ्यावर टाचायचं. बाकीच्यांनी ते वाचून पटलं तर खाली बरोबरची खूण करायची, नाही पटलं तर फुली मारायची. ज्याला जास्त खुणा, ते कार्ड सगळ्यात वर. तीन फुल्या पडल्या, की कार्ड काढून बुटांच्या एका रिकाम्या खोक्यात टाकायचं. हा नियम आम्हीच केला होता, आणि त्याचा आम्हाला भारी अभिमान होता. सगळ्यांना मत, सगळ्यांना सारखा हक्क!

जून महिना होता. शाळा नुकती सुरू झाली होती. मागच्या उंबरावर मला एक राखाडी पक्षी क्षणभर दिसला. मी धावत जाऊन कार्ड लावलं : ‘शिक्रा. उंबराच्या झाडावर.’ दहावीतला आमचा मंडळप्रमुख नेमका तिथे उभा होता. त्याने लगेच बरोबरची खूण केली. मग काय विचारता! मधल्या सुट्टीपर्यंत अकरा खुणा झाल्या. त्या अकरांतल्या किती जणांनी तो पक्षी पाहिला होता? एकानेही नाही.

माझ्या वर्गात एक अबोल मुलगा होता. त्याचं खरं नाव सांगत नाही, आपण त्याला बंडू म्हणू. दुपारी त्याचं कार्ड लागलं : ‘उंबरावरचा पक्षी पावशा असावा. चोच सरळ दिसली.’ बारीक अक्षर, तेही पेन्सिलीने. मला रागच आला. अकरा जण शिक्रा म्हणताहेत आणि हा कोण टिकोजीराव? मी पहिली फुली मारली. संध्याकाळपर्यंत दुसरी पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिसरी दिसली आणि बंडूचं कार्ड खोक्यात गेलं.

आठवडाभराने आभाळ भरून आलं होतं. मी एकटाच शाळेच्या मागे गेलो होतो, आणि त्याच उंबरावरून आवाज आला, ‘पेर्ते व्हा! पेर्ते व्हा!’ वर पाहिलं. राखाडी पाठ, पट्ट्यांची शेपटी आणि सरळ चोच. पावशा! आधीच्या आठवड्यातला पक्षी हाच, असं मी शपथेवर सांगू शकणार नाही. पण त्या दिवशी चोच बघितली होती ती एकट्या बंडूने. मी बघितली नव्हती, आणि खुणा करणाऱ्यांनी तर पक्षीच बघितला नव्हता.

आता मी काय करायला हवं होतं, ते तुम्हाला कळतंय. मी ते केलं नाही. तोवर माझ्या कार्डाखाली एकोणीस खुणा झाल्या होत्या. ते सगळ्यात वर होतं आणि त्यावर माझं नाव होतं. मी गप्प बसलो.

त्यानंतर बंडूने फळ्यावर कार्ड लावलं नाही. आणि गंमत म्हणा की दुःख, फळाही हळूहळू बदलला. आधी मुलं लिहायची, ‘तपकिरी पक्षी, ओळखता आला नाही, कुणी सांगेल का?’ मग त्याखाली तासन्‌तास वाद चालायचे. आता अशी कार्डं बंद झाली, कारण त्यांना खुणा मिळत नसत. सगळीकडे खंड्या, मोर आणि पोपट! दिवाळीपर्यंत फळ्यावर खुणा भरपूर होत्या, बोलणं मात्र संपलं होतं.

हे असं का होतं, ते मला पुष्कळ वर्षांनी वाचनातून कळलं. १९०६ साली इंग्लंडमधल्या प्लिमथच्या जत्रेत एका बैलाच्या वजनाचा अंदाज करायची स्पर्धा होती. बैल कापून साफ केल्यावर मांस किती भरेल, ते चिठ्ठीवर लिहून द्यायचं. फ्रान्सिस गाल्टन या शास्त्रज्ञाने नंतर त्या चिठ्ठ्या तपासल्या. ७८७ चिठ्ठ्या चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधला अंदाज निघाला १२०७ पौंड. प्रत्यक्ष वजन होतं ११९८ पौंड! म्हणजे गर्दीलाही अक्कल असते. पण नीट लक्ष द्या हं. तिथे प्रत्येकाने आपली चिठ्ठी स्वतः भरली होती. पहिल्याचा आकडा वाचून दुसऱ्याने लिहिलेला नव्हता.

आता याच्या उलट प्रयोग बघा. २००६ साली अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी १४,००० हून अधिक लोकांना ४८ अनोळखी गाणी ऐकवली. काही जणांना नुसती गाणी दिली. बाकीच्यांचे आठ गट केले आणि प्रत्येक गटाला आपल्या गटात कुठलं गाणं किती जणांनी घेतलं ते दाखवलं. गाणी तीच, पण वेगवेगळ्या गटांत वेगवेगळी गाणी वर चढली! सुरुवातीला चार जणांना जे आवडलं, त्याच्यामागे बाकीचे गेले. आमच्या मंडळप्रमुखाची ती पहिली खूण आठवली ना?

२०१३ साली आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. बातम्यांवर चर्चा करायच्या एका संकेतस्थळावर संशोधकांनी लाखभर मतांपैकी काहींना, मजकूर न बघताच, एक फुकटची पसंती देऊन टाकली. तेवढ्यानेच त्या मतांचे शेवटचे गुण सरासरी २५ टक्क्यांनी वाढले. आणि फुकटची नापसंती दिली तेव्हा? तेव्हा बाकीच्या लोकांनी ती बरीचशी भरून काढली. हे वाचलं आणि मला आमचं खोकं आठवलं. तिथली मतं सगळ्यांना दिसत होती, म्हणून अन्याय दुरुस्त झाला. आमच्याकडे तीन फुल्या पडल्या, की कार्डच नाहीसं. मग दुरुस्त कोण करणार?

आज पक्ष्यांचा नाद असलेली मंडळी संगणकावर आणि फोनवर भेटतात. तिथेही असेच नियम असतात, आणि जसा नियम तशी चर्चा. ‘आयनॅचरलिस्ट’ नावाचा उपक्रम २००८ साली सुरू झाला. तिथे तुम्ही फोटो लावता आणि इतर लोक जात ओळखतात. निदान दोघांचं एकमत हवं आणि ओळखणाऱ्यांपैकी दोनतृतीयांशांहून जास्त लोकांचं तेच म्हणणं हवं. तेव्हा कुठे त्या नोंदीला संशोधनाच्या दर्जाची समजतात. चांगला नियम आहे. पण एखाद्याने चोच न बघता ‘मलाही पटतं’ असं बटण दाबलं, तर? ‘ईबर्ड’ची रीत निराळी. तिथे वेगळी वाटणारी नोंद त्या भागातल्या जाणकाराकडे जाते आणि तो विचारतो, ‘नेमकं काय दिसलं?’ यात वेळ जातो, पण कारण सांगावं लागतं.

मतदान वाईट, असं मला म्हणायचं नाही. सहलीला कुठे जायचं, हे मतांनीच ठरवावं. पण झाडावरचा पक्षी कोणता, हे हात वर करून ठरत नाही. एकोणीस खुणांनी पावशाची चोच वाकडी होत नाही.

पंधरा-सोळा वर्षांनी एका लग्नात बंडू भेटला. जेवताना मी धीर करून सगळं सांगून टाकलं. उंबर, पावशा, माझी फुली आणि माझं गप्प बसणं. तो हसला. म्हणाला, “अरे, तिसरी फुली कुणाची होती, माहीत आहे? माझीच. दोघांना चूक वाटतंय, म्हटलं आपलंच चुकलं असणार.”

माझा घास घशातच अडकला. मुलांनो, त्याने स्वतःच्या डोळ्यांनी चोच पाहिली होती. तरी दोन फुल्यांनी त्याचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला. त्यातली एक माझी होती.

म्हणून तुम्हाला तीन गोष्टी सुचवतो. एक, दुसऱ्यांच्या खुणा बघायच्या आधी आपलं मत कागदावर लिहून ठेवा. दोन, फुली मारायची तर शेजारी कारण लिहा. कारण सुचत नसेल, तर फुली नको. आणि तीन, तुमच्याकडे असं एखादं खोकं असेल, तर ते महिन्यातून एकदा उघडा.

आणि हो, एक प्रयोग घरी किंवा वर्गात जरूर करा. बरणीत चणे मोजून भरा. अर्ध्या मुलांना गुपचूप चिठ्ठीवर अंदाज लिहायला सांगा. उरलेल्यांना एकाच कागदावर, आधीचे आकडे वाचत, एकाखाली एक लिहू द्या. मग दोन्हीकडचे अंदाज ताडून बघा. आईबाबांनाही खेळायला घ्या. फक्त त्यांचा आकडा आधी बघू नका हं!