जुनी पेटी घ्यावी की नाही?



गेल्या महिन्यात आमच्या वस्तीच्या बैठकीत मी एक जुनी पेटी विकत घ्यायचा विषय काढला आणि सपशेल हरलो. पेटी म्हणजे हार्मोनियम. जयंतीच्या वर्गणीतले १५ हजार रुपये मंडळाकडे उरले होते. पेटीची किंमत ९ हजार, दुरुस्ती वेगळी. काही पोट्टे म्हणाले, पैसे पुढच्या १४ एप्रिलच्या डीजेसाठी ठेवा. त्यांच्याशी वाद घालायची मला सवय आहे, दरवर्षी घालतो. पण मागच्या ओळीतून एक मुलगा उठला. दोन वर्षांपासून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, घरी जागा नाही म्हणून विहारात बसतो. तो म्हणाला, "दादा, पेटीनं कोणाचा निकाल लागत नाही. पुस्तकं घ्या."

डीजेवाल्यांना द्यायला माझ्याकडे दहा उत्तरं होती. याला एकही नव्हतं.

पेटी होती वडसाला. वडसा म्हणजे झाडीपट्टीच्या नाटकांची बाजारपेठ. दिवाळीनंतर तिथल्या कंपन्यांच्या कार्यालयांत नाटकांची बुकिंग होते आणि गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या गावांत रात्रभर नाटकं चालतात. त्या नाटकांत पेटी वाजवणारे एक गृहस्थ वारले आणि त्यांच्या पत्नीला ती विकायची होती. मी चांदा फोर्टवरून गोंदियाची गाडी धरली आणि सोबत एका ओळखीच्या मिस्त्रीला घेतलं. त्यांनी आयुष्यभर पेट्याच उघडल्या आहेत.

आजींनी पेटीवरचं जुनं लुगडं काढलं. कलकत्त्याची पेटी, साडेतीन सप्तकांची, सुरांचे दोन संच, खर्ज आणि नर. लाकूड सागवान. हे सागवान आमच्याच आलापल्लीच्या जंगलातलं असेल, अशी कल्पना मला फार आवडली. मिस्त्रींनी ती तिथंच मोडली. म्हणाले, कलकत्त्यात बर्माचा सागही यायचा, उगाच काही जोडू नका.

त्यांनी आधी सगळ्या खुंट्या बंद केल्या, भाता भरला आणि हात काढून घेतला. हवा कोंडून राहायला हवी होती. ती लगेच फुस्स झाली. भात्याच्या घड्या फाटल्या होत्या, झडपांवरचं चामडं कडक पडलं होतं. मग एकेक पट्टी दाबून पाहिली. एक पट्टी सोडली तरी सूर चालूच राहत होता, तिची स्प्रिंग गेली होती. चार पट्ट्या मुक्या. वरचं झाकण काढल्यावर आत कसर आणि उंदरानं कुरतडलेलं कापड. मुक्या चारपैकी दोन सुरांखाली नुसता कचरा अडकला होता, फुंकल्यावर बोलले. उरलेल्या दोघांना भिंगातून पाहिलं तर पितळेच्या पातीला बारीक चीर. चिरलेला सूर कितीही घासा, तो उतरतच जातो. तो बदलायलाच लागतो.

"बाकीचे?" मी विचारलं.

"बाकीचे जर्मन आहेत," मिस्त्री म्हणाले आणि थोडा वेळ काही बोलले नाहीत. पूर्वी सुराच्या पात्या बाहेरून यायच्या, नंतर गुजरातेत पालिताण्याला बनू लागल्या. त्याही चांगल्या असतात. पण या पेटीतल्या पात्या फारशा घासल्या गेल्या नव्हत्या. पेटी मिळवताना पातीचं टोक घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो, आणि दर वेळी पाती पातळ होते. कित्येक जुन्या पेट्या अशाच झिजून मरतात. ही वाचली होती.

दुरुस्तीचा अंदाज साडेपाच हजार. म्हणजे एकूण साडेचौदा. तेवढ्यात नागपुरात नवी पेटी येते. मिस्त्रींनी हेही सांगितलं, "नवी घ्या गा, डोकं शांत राहील. आवाज असा नाही येणार, पण भाता नाही फाटणार." माणूस प्रामाणिक आहे. दुरुस्ती त्यांनाच मिळणार होती, तरी असं बोलले.

मग मी जुनीच्या मागे का लागलो? इथं मला स्वतःची झडती घ्यावी लागली. आपण जुन्या वस्तूंना हार घालणारे लोक नाही. आपल्या घरात जुनं म्हणून जपावं असं फारसं उरलंही नव्हतं. मला जुनी पेटी हवी होती ती आजोबांमुळे, हे कबूल करतो.

१६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेब नागपूरहून चांद्याला आले आणि इथं दीक्षा दिली, तेव्हा आजोबा त्या गर्दीत होते. परत गेले आणि त्यांनी डफडं खाली ठेवलं. गावगाड्यात वाद्यंही जातीनं वाटलेली. कोणी वाजवायचं, कोणी मेलेलं ढोर ओढायचं, कोणी सांगावा घेऊन धावायचं, सगळं जन्मानं ठरलेलं. ते वाजवणं कला होती, यात शंका नाही, आणि आज जे सन्मानानं वाजवतात त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण आजोबांच्या हातात ते हुकूम म्हणून आलं होतं. पुढं दोन वर्षांनी पाच घरांनी मिळून एक पेटी घेतली. ती कोणाच्या बलुत्यात नव्हती. दुकानात जाऊन, रोख पैसे मोजून घेतलेली. भीमराव कर्डकांच्या जलशांपासून वामनदादांपर्यंत आणि आमच्या विदर्भातल्या नागोराव पाटणकरांच्या कव्वालीपर्यंत, पेटी समाजाच्या गाण्यात बसली. मला वाटतं, त्याचं एक कारण हेच आहे. ती आपल्यावर लादलेली नव्हती, आपण निवडलेली होती.

आमची ती पेटी एका पावसाळ्यात वाळवीनं खाल्ली.

पेटीला हिणवणारेही काही कमी नव्हते. मूळ पॅरिसची, देबँ नावाच्या कारागिरानं १८४२ मध्ये पेटंट घेतलेली, मग कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी तिला मांडी घालून वाजवता येईल असं रूप दिलं. परकी आहे, मींड येत नाही, श्रुती येत नाहीत, असं म्हणत १९४० पासून १९७१ पर्यंत तिला रेडिओवर बंदी होती. बंदी घातली इंग्रज अधिकाऱ्यांच्या काळात आणि स्वातंत्र्यानंतर आपल्याच लोकांनी ती पुढं चालवली. मींड येत नाही हे खरंच आहे, संगीताच्या जाणकारांचा तेवढा मुद्दा मी मान्य करतो. पण श्रुतींशी आपलं भांडण तसंही जुनंच. ज्या वर्षांत ही पेटी रेडिओवर अशुद्ध होती, त्याच वर्षांत वस्त्यावस्त्यांत लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसांपर्यंत बाबासाहेबांचा विचार तिच्या साथीनं पोचत होता.

हे सगळं मी गाडीत मनाशी जुळवलं. बैठकीत बोलायला छान भाषण झालं असतं. पण त्या मुलाच्या वाक्यापुढं ते टिकत नव्हतं. माझ्या आजोबांच्या आठवणीसाठी त्याच्या पुस्तकांचे पैसे का जावेत?

आणि वाजवणार कोण? वाजवणारा नसेल तर डीजे निदान भाड्यानं येतो आणि परत जातो. पेटी कोपऱ्यात बसून पुन्हा वाळवीची वाट पाहील.

वस्तीत नववीतली एक मुलगी आहे. विहारात वंदना झाली की गाणं म्हणते, सूर पक्का आहे. तिला मी दुसऱ्या खेपेला तिच्या आईसोबत वडसाला नेलं. आजींनी तिला जवळ बसवलं. फाटक्या भात्यानं पेटी दमेकऱ्यासारखी धापा टाकत होती. मुलगी एका हातानं जोरजोरात भाता मारत राहिली आणि दुसऱ्या हातानं, चिरलेले दोन सूर चुकवत, तिनं एक ओळ काढली. मग मला म्हणाली, "सर, ह्या दोन पट्ट्या सोडून बाकी सगळं येतं ना." मी ज्यावर तीन आठवडे घोळत होतो तो प्रश्न तिच्यासाठी नव्हताच.

आजींनी विचारलं, "पोरगी वाजवल का?" हो म्हटल्यावर दीड हजार त्यांनी आपणहून कमी केले. साडेसात हजार मी माझ्या खिशातून दिले. मंडळाच्या पैशांना हात लावला नाही. पुढच्या बैठकीत पुस्तकांचा ठराव मीच मांडला आणि डीजेवाले हरले, याचा आनंद झाला हे लपवत नाही. दुरुस्तीचे साडेपाच हजार मात्र अजून जमवायचे आहेत. घरी बायकोनं हिशेब विचारला आहे आणि तिचंही बरोबर आहे.

पेटी सध्या मिस्त्रींकडे उघडी पडली आहे. पोळ्यानंतर देतो म्हणतात, पावसात सरस वाळत नाही. मुलगी दर रविवारी विचारते. तोवर माझ्या मोबाईलवरच्या पेटीवर बोटं फिरवते. आवाज अगदी वाईट आहे, पण कुठली पट्टी कुठं ते तिला पाठ झालं आहे.